कॅसाग्रांडे उपकरण : बाकी उत्तम, स्क्रू भिकार

मातीची लिक्विड लिमिट मोजायचं हे यंत्र. वाटीतल्या ओल्या मातीत खाच पाडायची, हँडल फिरवून वाटी आपटत राहायची; ठरलेल्या ठोक्यांत खाच मिटते तेव्हा मातीत जितके टक्के पाणी, ती तिची लिक्विड लिमिट. हाताने फिरवायचं साधं मॉडेल घेतलं. मोटारवाल्याला जवळपास दुप्पट पैसे पडत होते आणि सेकंदाला दोन फेरे मारायला मोटार कशाला लागते? मराठवाड्यातली छोटी लॅब आमची, येणारे नमुने बहुतेक काळ्या मातीचे.

सुरुवातीला तक्रार नव्हती. पितळी वाटी जाड, खाली रबराचा ठोकळा कडक. हे बघूनच घ्यावं, कारण ठोकळा मऊ असेल तर ठोका मुरतो, खाच मिटायला जास्त ठोके लागतात आणि लिक्विड लिमिट उगाच वाढून येते.

पण तो मागचा स्क्रू! वाटी बरोबर १० मिमीवरून पडली पाहिजे, अख्खी टेस्ट त्यावर उभी आहे. आणि ती उंची धरून ठेवायला यांनी दिलाय एक पिचका स्क्रू, लॉक नटसुद्धा नाही. रस्त्याच्या भरावाच्या एका नमुन्याची लिक्विड लिमिट आमच्याकडे ६९ आली, प्लॅस्टिक लिमिट (माती हाताने वळताना तुटायला लागते तेव्हाचं पाणी) २६. तीच माती दुसऱ्या लॅबमध्ये ७२. आता लिक्विड लिमिट ७० च्या वर आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स (दोन्ही लिमिटमधला फरक) ४५ च्या वर गेला की ती माती भरावाला चालत नाही. आमच्या हिशोबाने ४३, त्यांच्या हिशोबाने ४६. ठेकेदाराला अर्थातच आमचाच रिपोर्ट आवडला. खाच पाडायच्या हत्यारालाच असलेला १० मिमीचा मापाचा ठोकळा वाटीखाली सरकवून पाहिला तर चक्क खुळखुळत होता. वाटी १२ मिमीच्या आसपास उचलली जात होती. पडणार जास्त उंचीवरून, म्हणजे खाच मिटणार लवकर आणि आकडा येणार कमी.

विक्रेत्याला फोन लावला. म्हणे, “साहेब, तुमची मातीच फार चिकट आहे.” अरे बाबा, ते मोजायलाच तर यंत्र घेतलंय! दुरुस्तीसाठी पाठवा म्हणाले, जाण्यायेण्याचं भाडं आमच्या माथी. एक तारा द्यायचं तेव्हाच ठरवलं होतं.

(इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. पुढचं दिवाळीनंतरचं.)

गल्लीतल्या लेथवाल्याने नवा स्क्रू, स्प्रिंग वॉशर आणि लॉक नट बसवून दिला. चहापाण्याच्या पैशात काम झालं. तेव्हापासून उंची हललेली नाही. तरी रोज सकाळी तो १० मिमीचा ठोकळा वाटीखाली धरून हँडल फिरवतो. वाटी न उचलता नुसता ‘टिक्’ आवाज आला की समजायचं, जमलं. तेव्हा तीन तारे.

एक मित्र म्हणतो, कोन पेनेट्रोमीटर घे. ८० ग्रॅमचा शंकू, २० मिमी रुतला की झालं, खाच पाडायची भानगड नाही. खरंय, काळ्या मातीत खाच पाडताना कडा फाटतात, वैताग येतो. पण माती घाईने कालवली तर फाटणारच. पाणी घालून रात्रभर झाकून मुरवली की निम्मा त्रास जातो. आणि नमुना आधी भट्टीत वाळवू नका, उन्हातही नको, सावलीतच. भट्टीत वाळवलेल्या काळ्या मातीची लिमिट खाली घसरते आणि मग लोक यंत्राला शिव्या घालतात.

ठोके मोजणाऱ्या काउंटरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तो पहिल्याच पावसाळ्यात गंजला, पोरगा तोंडाने मोजतो.