चौदा महिने, दोन सस्पेन्शन आणि हवेत कसलेले बोल्ट

मागच्या शनिवारी माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा आवाज अखेर बंद झाला. त्यासाठी लागलं काय, तर तळहातावर मावेल एवढं एक रबरी बुश आणि नव्याने कसलेले चार बोल्ट. याच आवाजापायी मी सात महिने वर्कशॉपच्या चकरा मारल्या, दोनदा टॉप माउंटचे पैसे भरले, एकदा स्टॅबिलायझर लिंकचे भरले आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य ऐकून परत आलो: "साहेब, सस्पेन्शन कडक आहे, आवाज येणारच." तो राग अजून उतरलेला नाही. पण राग बाजूला ठेवला तरी दोनदा सस्पेन्शन बदलण्यात गेलेल्या या चौदा महिन्यांत जे हाती लागलं ते नीट लिहून ठेवावंसं वाटतं, कारण मी पैसे जिथे ओतले तिथे ते ओतायची गरज नव्हती.

गाडी साधी पाच दारांची हॅचबॅक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई). मूळ शॉक (स्प्रिंगचे हेलकावे शमवणाऱ्या तेलाच्या नळ्या) ९० हजार किलोमीटरला गळायला लागले होते. ब्रेक दाबला की नाक खाली, मोठ्या लाटेवरून गेलं की तीन-तीन हेलकावे. बदलायचेच आहेत तर जरा चांगलं काहीतरी घेऊ, असं ठरवलं आणि गाडी ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा व त्यांच्या जोडीचे आखूड शॉक असा संच घेतला.

पहिल्या दिवशी मी हरखून गेलो होतो, हे मान्य करतो. स्टिअरिंग हलवलं की गाडी लगेच वळते, वेगात लेन बदलताना डुलत नाही. पण यात एक फसवणूक दडलेली असते. आपण नव्या शॉकची तुलना मेलेल्या शॉकशी करत असतो. मूळचेच शॉक नवे बसवले असते तरी यातली निम्मी सुधारणा फुकटात मिळाली असती. हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या आठवड्यात आई मागे बसली. साध्या गतिरोधकावर तिच्या पाठीत असा दणका बसला की ती म्हणाली, "अरे, ही गाडी बसवलीस की मोडलीस?" मी स्प्रिंगांच्या कडकपणाला दोष दिला. सगळे तोच देतात. मग घरी बसून हिशेब केला. पुढची स्प्रिंग मूळपेक्षा साधारण ३० टक्के कडक होती. गाडीच्या वरखाली होण्याची नैसर्गिक वारंवारता स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे वाढ झाली जेमतेम १४ टक्के. १.३ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १.३ हेलकावे) असेल तर दीडच्या आसपास. दीड हर्ट्झवर चालणाऱ्या कितीतरी गाड्यांमध्ये लोक आरामात झोपतात. एवढ्याने कोणाची पाठ दुखू नये.

खरा गुन्हेगार सापडला तो एका प्लास्टिकच्या टायमुळे. मागच्या शॉकवरचं रबरी कव्हर वर सरकवलं, दांड्याला केबल टाय घट्ट बसवला आणि रोजच्या रस्त्यावर फिरून आलो. दांडा आत जातो तेव्हा तो टाय ढकलला जातो आणि जिथवर गेला तिथेच राहतो. किती प्रवास वापरला गेला ते डोळ्यांनी दिसतं. मूळ उंचीवर बंप स्टॉपला (प्रवास संपल्यावर आडवा येणारा रबरी ठोकळा) टेकेपर्यंत माझ्या गाडीला सहा-साडेसहा सेंटीमीटर जागा होती. त्यातले साडेतीन मी गाडी खाली बसवून आधीच खर्च केले होते. उरले तीन. मागे दोन माणसं बसली की तेही संपत आणि पुढचा प्रत्येक गचका स्प्रिंगवर न पडता थेट बंप स्टॉपवर पडत होता. आईच्या पाठीत बसलेला दणका तोच. स्प्रिंग बिचारी कामालाच येत नव्हती.

गाडी खाली बसवायची असेल तर उरलेला प्रवास मोजल्याशिवाय बसवू नका. मिलिमीटरमध्ये मोजा, भरल्या गाडीत मोजा. दुकानदार "फक्त ३५" म्हणतो तेव्हा तो फेंडर (चाकावरचा पत्रा) आणि टायरमधल्या फटीबद्दल बोलत असतो. ते ३५ तुमच्या गाडीच्या कुठून वजा होणार, हे तो सांगत नाही.

मग हाताळणी तरी सुधारली का? सपाट रस्त्यावर हो. पण वळणाच्या मध्यात रस्ता उखडलेला असेल तर मागचं चाक उसळून बाजूला सरकायचं, कारण बंप स्टॉपला टेकलेलं चाक रस्त्याला धरून राहू शकत नाही. शिवाय मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत उंची कमी केली की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. दोन्हींमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलंडवणारा तरफेचा हातच लांब होतो. स्प्रिंग कडक केल्याने जे कमावलं त्यातलं थोडं इथे गमावलं.

आणखी एक गोष्ट मला पाच महिने छळत राहिली. मोठ्या रस्त्यावर गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डोलायची. या संचात पुढची स्प्रिंग ३० टक्के कडक आणि मागची जेमतेम १५ टक्के. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना दाखवलं होतं की मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवी. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना क्षणभराने. मागची बाजू जरा जलद हलली तरच ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी एकसंध वरखाली होऊन शांत होते. मूळ बनवणाऱ्याने साधलेला हा मेळ माझ्या संचाने बिघडवला होता. कंपनीचा अभियंता काही मूर्ख नसतो, हे तेव्हा मनावर ठसलं.

सहाव्या महिन्यात स्प्रिंगा काढल्या. मूळच्या स्प्रिंगा मी भंगारात दिल्या नव्हत्या, तेल लावून कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. सगळ्या प्रकरणात माझा तेवढा एक निर्णय शहाणपणाचा ठरला. शॉक मात्र वाया गेले, कारण आखूड दांड्याचा शॉक मूळ उंचीच्या स्प्रिंगेबरोबर लावला की चाक खाली जायला जागाच उरत नाही, खड्ड्यावर ते रस्ता सोडून लटकतं. खरेदी करताना ही खूण नीट वाचा. बिलस्टाइन या शॉक बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत बी६ हा मूळ उंचीसाठी आणि बी८ हा खाली बसवलेल्या गाडीसाठी असतो. दिसायला भाऊ-भाऊ, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आता मूळ स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीला रिबाउंड (दबलेला शॉक परत लांबताना होणारा रोध) कमी-जास्त करता येणारे चांगले शॉक. पहिल्या संचातल्या स्प्रिंगा आणि शॉक मिळून जेवढे पैसे गेले, त्याहून जास्त या चार शॉकना मोजले. देताना हात थरथरला. पण पैसे कुठे गेले ते पहिल्याच कलंडत्या वळणावर समजलं.

शॉकमधला पिस्टन दोन तऱ्हांनी हलतो. गाडी वळणात झुकते, ब्रेकला नाक खाली घालते तेव्हा तो सावकाश सरकतो. चाक खड्ड्याच्या काठावर आदळतं तेव्हा झटक्यात. चांगला शॉक सावकाश हालचालीला घट्ट रोखतो आणि झटक्याला झडप उघडून तेल वाहू देतो. स्वस्त कडक शॉक दोन्हीकडे सारखाच आडमुठा असतो. म्हणून "कडक म्हणजे स्पोर्टी आणि मऊ म्हणजे आरामदायी" ही वाटणीच मला आता पटत नाही. माझ्याकडे आज मऊ स्प्रिंग आहे, सावकाश हालचालीला घट्ट असलेला शॉक आहे, आणि गाडी खाली बसवलेल्या दिवसांपेक्षा वळणात जास्त विश्वासाने जाते.

इथे माझं मत एकदा बदललं, तेही सांगतो. पहिले तीन आठवडे मला वाटत होतं की पुन्हा फसलो. बारीकसारीक खडबडीत रस्त्यावर दातांत शिरशिरी येईल अशी थरथर. शरीराला उभ्या दिशेने सगळ्यात जास्त त्रास ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांचा होतो, आणि ही थरथर नेमकी तिथलीच वाटत होती. परत करायला निघालो होतो. मग टायर तपासले. अलाइनमेंट करणाऱ्याने हवा ३८ भरून ठेवली होती, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेली. पाच पीएसआय उतरवले आणि अर्धी थरथर गेली. उरलेली रिबाउंडने गेली. मी हौसेने तो मधल्या खुणेपर्यंत कसला होता. रिबाउंड जास्त कसला की एका उंचवट्यावर दबलेलं चाक पुढचा उंचवटा येण्याआधी पूर्ण खाली येत नाही, ओळीने खड्डे आले तर गाडी दर खड्ड्याला थोडी थोडी खाली रुतत जाते. सगळ्यात मऊ टोकापासून फक्त पाव फेरा, तिथे मी थांबलो. तेव्हापासून मोठ्या रस्त्यावर पोटातलं पाणी हलत नाही.

मागे जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा) घालायचा बेतही होता. तो फक्त गाडी कलंडताना काम करतो, दोन्ही चाकं एकदम वर गेली तर आड येत नाही, म्हणून कागदावर फार सुंदर दिसतो. पण एकच चाक खड्ड्यात गेलं की तो धक्का पलीकडच्या चाकाला देतो आणि डोकं डावीकडे-उजवीकडे फेकलं जातं. ओळखीच्या एका गाडीत दोन तास बसून आलो आणि बेत सोडून दिला.

आता त्या आवाजाकडे. दुसरा संच बसवून महिना झाला आणि हळू वेगात डाव्या बाजूने करकर सुरू झाली. दोन महिन्यांनी तिला टकटक जोडली गेली. वर्कशॉपने काय काय बदललं ते वर लिहिलंच आहे. मी मात्र पहिल्या दिवसापासून एक आकडा वहीत लिहून ठेवला होता: चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची. मूळ शॉक असताना होती त्यापेक्षा पुढची डावी बाजू नऊ मिलिमीटर वर होती. तीच स्प्रिंग, तरी वर कशी? फोरमनला दोनदा विचारलं. त्याने खांदे उडवले.

शेवटी दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी गाडी उचलण्याआधीच विचारलं, "लोअर आर्मचे बोल्ट कुठे कसले होते? चाकं लटकत असताना?"

म्हटलं, "लिफ्टवरच कसले होते, मी समोर उभा होतो."

"मग बुश जन्मापासून पिळलेलं आहे," ते म्हणाले.

लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून चौकटीशी जोडणारा हात. त्याच्या बुशात रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट कसला की आतली नळी चौकटीला पक्की धरली जाते. नंतर आर्म वरखाली होतो तेव्हा काहीच घसरत नाही, फक्त रबर पिळवटतं आणि सुटतं. म्हणून तो बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या नेहमीच्या उंचीवर कसायचा असतो, म्हणजे उभ्या गाडीत रबराला पीळ नसतो. लटकत्या चाकावर कसला तर गाडी खाली टेकताच रबर पिळलं जातं आणि कायम तसंच राहतं. ते एक जादा स्प्रिंग होऊन बसतं. गाडी थोडी वर राहते, पहिला सेंटीमीटर कडक लागतो, रबर करकरतं आणि मग फाटतं. माझ्या पुढच्या डाव्या आर्मचं मागचं बुश फाटलं होतं. उरलेल्यांचा पीळ काकांनी काढला. चाकांखाली फळ्या सरकवून गाडी टेकवली, आणि खाली झोपून टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने कसायचा पाना) बोल्ट कसले. बाहेर आल्यावर मी मोजलं. आठ मिलिमीटर खाली.

या एका गोष्टीवर मी वाजवीपेक्षा जास्त लिहितोय असं वाटेल. पण महागडे शॉक घेतल्यावरही गाडी कडक लागते म्हणून ते विकून टाकणारे मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या कितीजणांचे बोल्ट हवेत कसलेले असतील हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. बसवताना शेजारी उभे राहा आणि हे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर टेकल्यावरच कसायला लावा.

मागच्या बीमचे दोन बोल्ट बघायचे राहिले आहेत. तेही त्याच लिफ्टवर, तसेच लटकत्या चाकांनी कसले होते. काकांनी येत्या गुरुवारी सकाळी बोलावलंय. जाण्याआधी मागची उंची वहीत लिहून ठेवली आहे.