अख्खं घर क्रश सँडमध्ये बांधलं, नदीची वाळू लागलीच नाही

बांधकाम काढणाऱ्यांसाठी लिहितोय. दौंड तालुक्यात भीमेकाठी आमचं गाव, तिथे आई-अण्णांसाठी यंदा घर बांधलं, आणि पायापासून गिलाव्यापर्यंत सगळं क्रश सँडमध्ये केलं, म्हणजे दगड फोडून मशिनवर बनवलेली वाळू, जिला आता सगळे एम-सँड म्हणतात ती. नदीच्या वाळूचं एक घमेलंही आणलं नाही. माल एक नंबर आहे, बिनधास्त वापरा, पण कुठून घेताय ते नीट बघून घ्या, कारण या नावाखाली काहीही खपवतात.

आधी स्लॅबचं सांगतो कारण सगळ्यांना भीती तिथेच असते. एम२० ताकदीचं काँक्रीट होतं, स्लॅब टाकताना त्याच मालाचे क्यूब (तपासणीचे चौकोनी ठोकळे) भरून ठेवले आणि २८ दिवसांनी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये फोडून घेतले, ताकद सगळ्यांची २५ च्या वर गेली, एम२० ला लागते २०. पावसाळा झाला, गळती नाही. क्रश सँडचा दाणा टोकदार असतो त्यामुळे सिमेंट चांगलं धरून ठेवतो, फक्त तो पाणी जास्त मागतो. आमचे मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले, "दादा, थापीच सरकत नाही, माल लगेच ओढतोय." मग इंजिनिअरने प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, टाकायला लावलं आणि मिस्त्रींची कुरकुर बंद झाली. नुसतं पाणी वाढवून माल पातळ करू देऊ नका, सगळी ताकद तिथेच जाते.

गिलाव्याला मात्र वेगळी घ्या. प्लास्टर सँड म्हणून बारीक, डबल वॉश केलेली मिळते. आम्ही एका भिंतीला बांधकामाचीच क्रश चाळून वापरली, तिथे हेअर क्रॅक आले. बाकी भिंतींना प्लास्टर सँड वापरली आणि दिवसातून तीनदा पाणी मारलं, त्या गुळगुळीत आहेत.

आता फसवणुकीचं. पहिला हायवा आला तो चक्क कच होता, खडी फोडताना खाली जी डस्ट उरते ती, वरून पाणी मारून काळीभोर करून आणलेली. मुठीत दाबली तर लाडू वळत होता आणि हात पिठासारखा राखाडी झाला. काचेच्या बरणीत निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ टाकून हलवून ठेवली तर दोन-तीन तासांनी वर बोटभर गाळाचा थर. गाडी परत पाठवली, सप्लायरने बरीच बाचाबाची केली पण नेली. खरी क्रश सँड व्हीएसआय नावाच्या क्रशर मशिनवर दाण्याला आकार देऊन, धुऊन, चाळून येते, आणि ती आयएस ३८३ : २०१६ या वाळू-खडीच्या भारतीय मानकात बसते. त्यात फोडलेल्या दगडाच्या वाळूला १५० मायक्रॉनच्या चाळणीतून २० टक्क्यांपर्यंत बारीक भाग चालतो. सप्लायरकडे चाळणीचा रिपोर्ट मागा, चांगल्या प्लांटकडे तयार असतो, जो टाळाटाळ करतो त्याचा माल नकोच.

भावात म्हणाल तर नदीच्या वाळूपेक्षा जवळपास निम्म्यात ब्रास (१०० घनफूट) पडली. पण खरं सांगतो, वाळू स्वस्त असती तरी मी घेतली नसती. आमच्या लहानपणी मार्च-एप्रिलमध्ये नदी आटली की बायका पात्रात हातभर झिरा उकरायच्या, खाली नितळ पाणी लागायचं. वरून नदी कोरडी दिसली तरी वाळूच्या थरात पाणी साठलेलं असतं आणि तेच काठच्या विहिरींना पाझरतं. तो थर उपसून नेला की खाली राहतो खडक नाहीतर चिकण गाळ, विहिरी खोल जातात, बोअर मारावे लागतात आणि पात्रात जे खड्डे पडतात त्यात पुराच्या पाण्यात पोरं बुडतात. आमच्या शिवारात आता झिरा कुठे नाही, कारण वाळूच नाही.

आणि हा धंदा कसा चालतो हे उजनीच्या बॅकवॉटरला राहणाऱ्यांना सांगायला नको. सक्शन पंप लावलेल्या बोटी रात्रभर उपसा करतात, महसूलवाले आणि पोलीस येऊन जिलेटिन लावून बोटी उडवतात, थोड्या दिवसांनी नवीन बोटी उतरतात. कारवाईला गेलेल्या तलाठ्यांच्या, तहसीलदारांच्या अंगावर गाड्या घालायचे प्रकार राज्यात कितीदा झालेत. २००४ मध्ये अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर वाळूउपसा रोखायला गेलेल्या पर्यावरण कार्यकर्त्या सुमायरा अब्दुलालींना मारहाण झाली, तरी त्या मागे हटल्या नाहीत, कोर्टात गेल्या, आणि २०१० मध्ये मुंबई हायकोर्टाने राज्यात वाळूउपसा थांबवायचा आदेश दिला. २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच हेक्टरच्या आतल्या खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल असं ठरवलं. २०२३ मध्ये राज्य सरकारने सरकारी डेपोवरून ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचं धोरण आणलं, ते गुंडाळून २०२५ मध्ये पुन्हा लिलावावर आलं. एवढं सगळं होऊनही रात्रीच्या ट्रॅक्टरचा आवाज काही थांबला नाही, कारण मागणी आपली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात वर्षाला ५० अब्ज टन वाळू-खडी लागते, आणि वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून गोल गुळगुळीत झालेली असते म्हणून काँक्रीटला तिचा उपयोग नाही, मग सगळे नद्या आणि किनारेच ओरबाडतात.

क्रश सँडचा त्रास नाही असं मी म्हणणार नाही. दगड कुठला तरी डोंगर फोडूनच येतो. आमच्या मामांच्या गावाजवळ क्रशर आहे, तिथे सुरुंग उडाला की घरातली भांडी वाजतात आणि रस्त्याकडेच्या ज्वारीच्या पानांवर राखाडी पूड बसलेली असते, मामी रोज तुळशीवरची धूळ पाण्याने धुते. पण क्रशर एका जागी असतो, त्याच्यावर पाण्याचे फवारे, पत्र्याचं शेड, ब्लास्टिंगच्या वेळा हे सगळं लावता येतं आणि गावाने रेटा लावला तर पाळायलाही लावता येतं. नदीत रात्री दोनला कोण उभं राहणार? शिवाय मे २०२५ मध्ये राज्य सरकारचं एम-सँडचं धोरण आलं, त्यात रॉयल्टी ब्रासला ६०० ची २०० केली, म्हणजे आता प्लांट वाढणार आणि डोंगरही जास्त फुटणार, त्यामुळे ग्रामसभांनी आत्ताच जागं राहायला पाहिजे.

म्हणून घेताना मी या गोष्टी बघितल्या: प्लांटवर स्वतः गेलो, धुतलेल्या पाण्याचा गाळ ओढ्यात सोडत नाहीत ना ते बघितलं (एका ठिकाणी सोडत होते, तिथून घेतली नाही), आणि प्रत्येक गाडीबरोबर महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीचा वाहतूक पास मागितला. पासवर गाडी नंबर आणि ब्रास असतात, ते गाडीशी जुळवून बघा आणि मगच गाडी खाली करू द्या. कंपाउंडचं काम बाकी आहे, तेही याच प्लांटच्या मालात करणार.