केबलचा रेकॉर्डिंग बॉक्स: मोठी डिस्क कुठे बसते, कुठे नाही

इथे न्यू जर्सीत, एडिसनला, नव्याने राहायला आलेल्या ओळखीच्यांकडून मला हा प्रश्न वरचेवर येतो. केबल कंपनीने दिलेल्या बॉक्समधली रेकॉर्डिंगची जागा भरली, तर आत मोठी डिस्क टाकता येते का? विचारणारे बहुतेक आयटीतलेच असतात, लॅपटॉपची डिस्क स्वतः बदललेले. त्यामुळे "नाही" हे उत्तर त्यांना पटत नाही. आणि ते सरसकट खरंही नाही. काही बॉक्समध्ये डिस्क बदलता येते, काहींना बाहेरून जोडता येते, काहींना हात लावायचा नसतो. पैसे घालण्याआधी हा फरक नीट कळायला हवा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी माप ठरवू. टीबी आणि जीबी ऐकून कोणालाच अंदाज येत नाही, म्हणून मी कसोटी सामन्यात मोजतो. भारतातली कसोटी सकाळी साडेनऊला सुरू होते तेव्हा इथे उन्हाळी वेळेप्रमाणे मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात, हिवाळ्यात अकरा. सकाळी ऑफिस असलेल्या माणसाला रेकॉर्डिंगशिवाय पर्याय नाही. दिवसाचे सात तास धरले तर पाच दिवसांचे ३५ तास. टिवो ही रेकॉर्डिंग बॉक्स बनवणारी कंपनी आपल्या रोमिओ बॉक्ससाठी ५०० जीबीत ७५ तास एचडी, १ टीबीत १५० तास आणि ३ टीबीत ४५० तास असा हिशेब द्यायची, म्हणजे तासाला साधारण पावणेसात जीबी. तर ५०० जीबीत दोन कसोट्या बसतात आणि थोडी जागा उरते. पाच सामन्यांची मालिका ठेवायची तर १७५ तास लागतात, आणि तिथे १ टीबीही कमी पडते. २००७ च्या टिवो एचडीत १६० जीबी होते, एचडीचे जेमतेम २० तास. तिसऱ्या दिवसाचा खेळ संपायच्या आधीच डिस्क भरायची.

भाड्याचा बॉक्स

केबल कंपनी महिन्याच्या भाड्याने जो बॉक्स देते तो कंपनीचा असतो, आतली डिस्कही कंपनीची. झाकण उघडून ती बदलणं हा कराराचा भंग आहे, आणि बदललीच तरी तुमची डिस्क बॉक्सने स्वीकारावी की नाही हे कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या हातात आहे.

जुन्या काही बॉक्सच्या मागे ईसाटा नावाचं पोर्ट असायचं, बाहेरची डिस्क जोडण्यासाठी. ते चालू ठेवायचं की बंद हे त्या त्या गावची केबल कंपनी ठरवायची. एकच मॉडेल एका गावात डिस्क ओळखायचं आणि शेजारच्या गावात ओळखायचं नाही. जिथे चालायचं तिथेही बरेच बॉक्स १ टीबीच्या वरची डिस्क घेत नसत. म्हणून जुना भाड्याचा बॉक्स पाहून "मागे पोर्ट आहे, नंतर बघू" असं म्हणू नका. पोर्ट असणं आणि ते चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरी अडचण जागेचीही नाही. या बॉक्समधलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि त्याची किल्ली त्याच बॉक्सच्या आत असते. डिस्क काढून संगणकाला लावली तर काही दिसत नाही. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बॉक्सला बाहेरची डिस्क जोडली तर तो ती नव्याने फॉरमॅट करू का, एवढंच विचारतो. आमच्या घरी जानेवारी २०२१ मधल्या गाबा कसोटीचा शेवटचा दिवस ठेवला होता. पंत नाबाद ८९, तीन गडी राखून विजय. इथे तो खेळ रात्री दोनच्या पुढे गेला होता. बाबांना जागरण झेपत नाही, त्यांनी तो सकाळी चहासोबत पाहिला आणि नंतर कितीदा तरी. पुढच्या वर्षी बॉक्सचा वीजपुरवठा बिघडला. तंत्रज्ञ आला, वीस मिनिटांत नवा बॉक्स लावून जुना घेऊन गेला. डिस्क शाबूत होती, पण ती त्या बॉक्सबरोबरच गेली. मी विनंती केली, तो बिचारा म्हणाला की त्याच्याही हातात काही नाही, आणि ते खरंच होतं. बाबा काही बोलले नाहीत. मला मात्र ते आजही लागून राहिलं आहे, आणि तेव्हापासून बॉक्स घेताना मी आधी विचारतो ते हेच: बॉक्स गेला तर आतलं काय होईल?

स्वतःचा टिवो

१९९९ पासून टिवो हे नाव अमेरिकेत रेकॉर्डिंगला समानार्थी झालं. भाड्याच्या बॉक्सशी तुलना केली तर इथे बॉक्स तुमचा. केबल कंपनीकडून फक्त केबलकार्ड नावाचं छोटं कार्ड घ्यायचं, ते आत सरकवलं की वाहिन्या उलगडतात. डिस्क बदलण्याची मुभा इथे सर्वांत जास्त आहे, पण तिच्याही पायऱ्या आहेत आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत.

सुरुवातीच्या टिवोंना १३७ जीबीची भिंत होती. तेव्हाच्या डिस्क-पद्धतीत प्रत्येक कप्प्याचा पत्ता २८ बिटांचा होता. एका कप्प्यात ५१२ बाइट, त्यामुळे त्यापुढचे पत्ते लिहिताच यायचे नाहीत. मोठी डिस्क घातली तरी उरलेला भाग रिकामा पडून राहायचा. पुढे ३२ बिटांच्या पत्त्यांमुळे तीच भिंत २.२ टीबीवर आली. दुकानात २ टीबी ही मर्यादा इतक्या ठिकाणी का दिसते, त्याचं मूळ बऱ्याचदा या गणितात असतं.

२०१३ चा रोमिओ आला आणि काम सोपं झालं. साडेतीन इंची डिस्क, पेचकस घेऊन पंधरा मिनिटांचं काम. ३ टीबीपर्यंतची कोरी डिस्क घाला, बॉक्स स्वतःच ती फॉरमॅट करून घेतो. त्याहून मोठी हवी असेल तर डिस्क आधी संगणकावर खास साधनाने तयार करावी लागते. २०१५ च्या बोल्टमध्येही स्वतःहून फॉरमॅट होण्याची हद्द ३ टीबीचीच, पण आत अडीच इंची डिस्क लागते आणि त्या आकारात मोठ्या क्षमतेची चांगली डिस्क मिळवणं कठीण. माझं मत स्पष्ट आहे: जागा वाढवायचीच असेल तर बोल्टपेक्षा रोमिओ बरा.

डिस्क कोणती, यावर थोडं थांबतो, कारण इथे लोक फसतात. टिवोचा प्रत्येक ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारा भाग, लावलेल्या वाहिनीचा मागचा अर्धा तास सतत लिहून ठेवतो, तुम्ही काही रेकॉर्ड करत नसलात तरी. सहा ट्यूनर असतील तर सहा वाहिन्या, दिवसरात्र. वेगाचा प्रश्न येत नाही, सगळं मिळून सेकंदाला दहा-अकरा एमबी होतं. प्रश्न दमाचा आहे. सेलमध्ये मिळालेली साधी बॅकअपची डिस्क या कामासाठी बनलेली नसते. सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी किंवा ऑडिओ-व्हिडिओसाठी बनवलेली डिस्क घ्या. अडीच इंचीत एकावर एक चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, म्हणजे एसएमआर प्रकारच्या डिस्क टाळा.

बाहेरून जोडायचं म्हटलं तर मात्र टिवोही हात आखडता घेतो. कंपनीने मान्य केलेली वेस्टर्न डिजिटलची १ टीबीपर्यंतचीच पेटी ईसाटावर चालते. शिवाय बाहेरची डिस्क एकदा जोडली की दोन्ही मिळून एकच जागा होते. बाहेरच्या डिस्कची वायर निघाली किंवा ती बिघडली, तर ती जोडल्यानंतरची रेकॉर्डिंग जातात. दोन डिस्क म्हणजे बिघाडाच्या दोन जागा. आतली एकच मोठी डिस्क केव्हाही चांगली.

आता ज्यामुळे हा पर्याय मी नव्याने येणाऱ्याला सुचवत नाही ते सांगतो. २०२० मध्ये एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने केबलकार्डासंबंधीची बंधनं कंपन्यांवरून काढली, आणि नवी कार्डं मिळणं आटत गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये टिवोने बॉक्स विकणंच थांबवलं. जुना, आजीवन सेवा (एकदाच पैसे भरून कायमची घेतलेली) असलेला टिवो कोणी विकत असेल तर ती सेवा त्या बॉक्सला चिकटलेली असते, तुमच्या नावाला नाही. ज्यांच्याकडे चालू कार्डासह टिवो आहे त्यांनी जरूर डिस्क बदलावी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधी केबल कंपनीला फोन करून नवं कार्ड देता का, एवढंच विचारावं. उत्तर "नाही" असं आलं तर टिवोचा विचार सोडावा.

छत्रीवाले

डायरेक्टटीव्ही आणि डिश या छत्रीवरून उपग्रहाच्या वाहिन्या देणाऱ्या कंपन्या. केबल नाही, पण शेजारीच आहेत म्हणून थोडक्यात. डायरेक्टटीव्हीच्या ईसाटा असलेल्या जुन्या बॉक्सना बाहेरची डिस्क जोडली की आतली बाजूला पडायची. बेरीज व्हायची नाही, अदलाबदल व्हायची. डिशचा हॉपर ३ आतच २ टीबी घेऊन येतो, आणि त्यांच्या बॉक्सना यूएसबी डिस्क जोडून झालेली रेकॉर्डिंग तिच्यावर हलवता येतात. डिशच्या या सोयीतली मला आवडणारी गोष्ट अशी की ती डिस्क एका बॉक्सला बांधलेली नसते, तुमच्या खात्याला बांधलेली असते. बॉक्स बदलला तरी त्याच खात्यावरच्या दुसऱ्या बॉक्सवर ती दिसते. माझ्या घरी हे असतं तर गाबा वाचला असता.

अँटेना आणि आपली डिस्क

मॅनहॅटनहून येणाऱ्या फुकट वाहिन्या एडिसनला चांगल्या अँटेनावर मिळतात. त्या रेकॉर्ड करायला दोन नावं पुरेत. टॅब्लोच्या २०२३ च्या बॉक्समध्ये १२८ जीबी आहेत, साधारण ५० तास, आणि यूएसबीवर ८ टीबीपर्यंत डिस्क जोडता येते. महिन्याचे पैसे नाहीत. रेकॉर्डिंग मात्र टॅब्लोतूनच बघायचं. एचडीहोमरन हा फक्त ट्यूनर आहे, डिस्क तुमच्या संगणकाची किंवा घरच्या सर्व्हरची. त्याच्या रेकॉर्डिंग सेवेला वर्षाला ३५ डॉलर. जागेला मर्यादा म्हणावी अशी नाही, आणि सध्याच्या साध्या प्रक्षेपणाची फाइल उघडी असते, कुठेही कॉपी करता येते. एका प्रक्षेपण-वाहिनीची पूर्ण क्षमता सेकंदाला १९.३९ मेगाबिट, म्हणजे तासाला जास्तीत जास्त पावणेनऊ जीबी. नव्या एटीएससी ३.० प्रक्षेपणात काही केंद्रांनी कुलूप घातलं आहे, तेवढं लक्षात ठेवा.

एवढं सगळं चांगलं, पण क्रिकेट दाखवणारी विलो वाहिनी अँटेनावर नाही. क्रिकेटसाठी रेकॉर्डिंग हवं असेल तर हा पर्याय तुमचा नाही.

क्लाउड

२००८ मध्ये केबलव्हिजन या केबल कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ग्राहकाने मागितलेलं रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायला मोकळीक दिली, आणि घरातल्या डिस्कची गरज तिथून ओसरायला लागली. इंटरनेटवरून वाहिन्या देणाऱ्या यूट्यूब टीव्हीवर किती रेकॉर्ड करावं याला मर्यादा नाही, पण प्रत्येक रेकॉर्डिंग नऊ महिने राहतं. इथे मर्यादा टीबीची नाही, कॅलेंडरची आहे. आणि कराराचीही. डिसेंबर २०२१ मध्ये डिस्नेशी करार फिसकटला तेव्हा त्या वाहिन्यांबरोबर त्यांची रेकॉर्डिंगही गेली. एका दिवसात तडजोड झाली म्हणून परत आली. केबल कंपन्यांच्या क्लाउडमध्ये तासांचा कोटा असतो, जास्त तास हवे तर जास्त पैसे.

मग घ्यायचं काय

रात्रीचा सामना सकाळी बघून पुसून टाकणाऱ्यांनी डिस्कचा विचारच करू नये. भाड्याचा बॉक्स किंवा क्लाउड, जे महिन्याला स्वस्त पडेल ते. पाच कसोट्यांची मालिका ठेवून सवडीने बघायची असेल तर भाड्याचे ५०० जीबी पुरणार नाहीत. अशांनी क्लाउड घ्यावा किंवा आधीच असलेल्या रोमिओत ३ टीबीची डिस्क घालावी. वर्षानुवर्षं जपून ठेवायचं असेल, बॉक्स बिघडला तरी, तर या यादीत डिशची यूएसबी डिस्क आणि एचडीहोमरन हे दोनच बसतात. त्यातही डिशची डिस्क खातं चालू असेपर्यंतच. क्रिकेट आणि दीर्घ जपणूक दोन्ही हवं असेल तर मी डिशकडे वळेन, छतावर छत्री लावायची परवानगी असेल तर.

आणि सध्याचा भाड्याचा बॉक्स परत करायचं ठरलं असेल, तर दुकानात जायच्या आधीचे दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवा. आतल्या यादीवरून हात फिरवा, घरच्या प्रत्येकाला विचारा, आणि जे बघायचं राहिलं आहे ते बसून बघून घ्या.