राजीनाम्यावर सही करायच्या आधी विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. तिथे फुकट वकील मिळतो हे बऱ्याच जणांच्या कानावर असतं, पण तो घटस्फोटासाठी नाहीतर जामिनासाठी, असाच सगळ्यांचा समज. मी गेले होते नोकरी वाचवायला, आणि या सेवेबद्दल मला फार चांगलं सांगायचंय.

मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. दुसरी पाळी सुटल्यावर घरी येताना बाइकवरच्या दोघांनी गळ्यातलं ओढलं. मी पडले, उजवं मनगट मोडलं. एफआयआर झाला, प्लास्टर झालं, आणि कंपनीतून फोन सुरू झाले. सुपरवायझरचं एकच पालुपद: "बाहेर घडलंय, कंपनीचा काय संबंध? राजीनामा द्या, बऱ्या झालात की बघू."

प्राधिकरणात अर्ज भरताना कळलं की बायकांना उत्पन्नाची अट नाही. विधी सेवेच्या १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगारांनाही नाही, म्हणजे माझ्या जागी पुरुष असता तरी त्याला वकील मिळाला असता. हे कारखान्याच्या गेटवर लावायला हवं.

वकील मॅडमनी चोरीबद्दल नंतर विचारलं. आधी विचारलं, "ईएसआय कापतात का?" म्हणजे पगारातून कामगार विम्याची वर्गणी जाते का. माझी पगाराची स्लिप पुढे ओढून त्यांनी कपातीच्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि तिथून माझी केस उभी केली. ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कामावरून घरी परततानाची दुखापत, वेळ-जागेचा कामाशी संबंध दाखवता आला, तर कामावरचीच धरतात आणि भत्ता ९० टक्क्यांवर जातो. शिवाय नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकाला कामगाराला काढता येत नव्हतं. मॅडमनी माझ्यासमोर कंपनीला पत्र लिहिलं, मला वाचून दाखवलं, एफआयआर आणि सर्टिफिकेटच्या झेरॉक्स जोडल्या आणि बजावलं, "आपल्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे पत्र पोचल्याचा, शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही." शिक्का मिळाला. राजीनाम्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

पोलिसांकडचंही त्यांनीच समजावलं. एफआयआरची प्रत फुकट मिळायलाच हवी, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याप्रमाणे, ९० दिवसांत तपास कुठवर आला ते पोलिसांनी फिर्यादीला कळवायचं असतं. मी तर रोज चौकीत फोन करून ऐकून घेत होते.

आमच्या लाइनवरच्या एका मुलीला वरिष्ठाचा त्रास होता, तिच्यासाठीही विचारून घेतलं. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त माणसं असतील तिथे तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. तक्रार ३ महिन्यांत लेखी द्यायची. चौकशी चालू असताना समितीकडे बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते, आणि ही रजा आपल्या हक्काच्या रजेतून वळती होत नाही.

एका ठिकाणी मात्र या ऑफिसचेही हात बांधलेले आहेत. खटला उभा राहिला की कोर्टाची तारीख, आणि तारखेला खाडा. समन्सची प्रत आधी कंपनीला द्या, कोर्टातून हजेरीचा दाखला घ्या, एवढंच मॅडम सांगू शकल्या. चोरी-मारहाणीच्या फिर्यादीला साक्षीसाठी भरपगारी रजा द्यायलाच लागेल, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. सरकारच्या खटल्यात सरकारच्या समन्सवर जायचं आणि रोज मात्र आपला बुडवायचा, याचा मला मनस्वी राग येतो. हंगामी कामगार तर याच कारणाने फिर्याद सोडून देतात.

गर्दी असते, सकाळी जा. आधार कार्ड, पगाराची स्लिप, एफआयआर आणि डॉक्टरचे कागद सोबत ठेवा. कंपनीतून व्हॉट्सॲपवर आलेले मेसेज पुसू नका, मॅडमनी माझ्याकडे तेही मागितले होते. जाणं जमत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर आहे.