हिल्डेगार्डची सीडी: आठ महिन्यांनंतर

सीडी चौथ्या गाण्यावर अडकायला लागली, म्हणून लिहायला बसले. १६५० रुपये मोजले होते. दुकानदाराचं एकच म्हणणं, पाकीट फोडलंय, बदलून मिळणार नाही. फोडल्याशिवाय दोष कळणार कसा? तीन फोन केले, उपयोग शून्य. राग अजून गेलेला नाही.

हिल्डेगार्ड फॉन बिंगेन ही बाराव्या शतकातली जर्मन मठाधिपतीण, स्वतः गाणी रचणारी. आता थेट गाण्याकडे येते. बायकांचे आवाज सुरेल, उच्चार स्वच्छ. खालच्या सुरावरून पंचमावर आणि तिथून वर घेतलेली ती तिची खास झेप ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो.

पहिले चार महिने मला सर्वात भावला तो मागे सतत धरलेला सूर. तानपुऱ्यावर वाढलेला कान. लॅटिनचा एक शब्द न कळताही घरचं वाटलं. पण जर्मनीतल्या वीसबाडेनला जपलेल्या तिच्या अजस्र पोथीत हा सूर नाहीच. शब्दांच्या डोक्यावर स्वरखुणा आणि एकेरी चाल, बस्स. साथ आजच्या कलाकारांनी घातलेली आहे.

सीडी अडकली त्या दिवशी फोनवर बिनसाथीचं ध्वनिमुद्रण लावलं. ‘ओ विरिदिस्सिमा विर्गा’, म्हणजे ‘हे हिरव्यागार फांदी’. कुकर लावला होता, तो बंद करून खाली बसले. आकाशानं गवतावर दव दिलं, सगळी धरणी आनंदली, कारण त्या फांदीच्या उदरातून गहू आला आणि आकाशातल्या पाखरांनी तिच्यात घरटी केली, असे शब्द आहेत. येशूच्या आईसाठी, मरियमेसाठी लिहिलेले; फांदी म्हणजे तीच. सीडीवर षड्ज पहिल्या क्षणापासून हातात ठेवलेला असतो. इथे चाल कुठे विसावणार हे शेवटची ओळ खाली उतरेपर्यंत कळलं नाही. आणि दोन ओळींच्या मध्ये सगळ्या जणींनी एकदम घेतलेला श्वास ऐकू आला. सीडीत तो त्या सुराखाली दबलाय. तेव्हापासून तो सूर मला सहन होत नाही. चार महिने मी ज्याची तारीफ करत होते, तोच.

११७८ साली माइन्झ शहरातल्या चर्चच्या धर्माधिकाऱ्यांनी हिल्डेगार्डच्या मठात गाण्यावर बंदी घातली होती. बहिष्कृत समजल्या गेलेल्या एका माणसाला तिनं मठाच्या जमिनीत पुरू दिलं आणि प्रेत उकरायला नकार दिला, म्हणून. नित्याच्या प्रार्थना दारं लावून हलक्या आवाजात नुसत्या म्हणायच्या. ऐंशीच्या घरातली बाई भांडली. देवाची स्तुती विनाकारण बंद पाडणाऱ्यांना स्वर्गातल्या स्तुतीत जागा मिळणार नाही, असं तिनं त्यांना लिहिलं. ११७९ मध्ये बंदी उठली, त्याच सप्टेंबरात ती गेली. हे वाचल्यापासून तो श्वास मला फार मोलाचा वाटतो.

पैसे पूर्ण वाया गेले नाहीत. सोबतच्या पुस्तिकेत लॅटिन शब्द आणि अर्थ आहेत, फोनवर ते मिळत नाहीत. अक्षर मात्र बारीक, मला भिंग लागतं. आता पुस्तिका मांडीवर आणि गाणं फोनवर, असं रोज सकाळी चालतं.

घेणार असाल तर आधी एखादं गाणं ऐका. दोन ओळींच्या मध्ये शांतता पडत असेल तरच पैसे मोजा.