कोलेस्टेरॉल: पथ्य की गोळी? दोन्ही करून पाहिल्यावर

माझा एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आला तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. तीन महिने पथ्य करून बघा, नाहीतर आजच गोळी लिहून देतो. वय ४९, साखर नाही, बीपी नाही, तंबाखू नाही, म्हणून मला निवड तरी होती. ज्यांना ॲटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय किंवा ज्यांचा एलडीएल १९० च्या वर आहे, त्यांना गोळी लागतेच आणि पथ्य तिच्या जोडीला. चाळिशी ओलांडलेली आणि मधुमेह असेल तरी बहुतेक डॉक्टर वाट बघत नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासारख्या मधल्या माणसांसाठी आहे.

मी आधी साडेचार महिने नुसतं पथ्य केलं. आता गोळीला अडीच वर्षं होत आली.

कोल्हापुरात पथ्य म्हटलं की सगळ्यांचं बोट मटणाकडे जातं. आमच्याकडे मटण रविवारी एकदा. रोज पोटात जात होतं ते खोबरं आणि दूध. आमटी असो, उसळ असो, भरलं वांगं असो, वाटणात सुकं खोबरं भाजून घातल्याशिवाय आमच्या घरी भाजीला भाजी म्हणत नाहीत. कांदा-लसूण मसाल्यातही खोबरं असतंच. मला कितीतरी वर्षं वाटायचं, झाडाचं आहे ना, मग कोलेस्टेरॉल कुठून येणार? खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नसतंच, ते बरोबर आहे. पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग स्निग्धांश, आणि तो जवळजवळ सगळा सॅच्युरेटेड. रक्तातला एलडीएल चढतो तो प्रामुख्याने यानेच. तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेलं असतं त्याचंही तसंच, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. आमचं शेंगतेल त्या मानाने चांगलं, फक्त पळी हाताला सांभाळून हवी.

दुसरं दूध. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून पेला हातात देतात. वडील मला लहानपणी तिथे न्यायचे, आणि पुढे पंचगंगेवर पोहून आलो की मी स्वतःच जायचो. ते सोडताना वाईट वाटलं, अजूनही वाटतं. घरातली साय, लोणी, चहातलं दाट दूध, हेही गेलं. बदल्यात ज्वारीची भाकरी, मटकी, हुलग्याचं माडगं, जवसाची चटणी. मिसळ कट न घेता, म्हणजे खरं तर नुसती उसळच. रंकाळ्याभोवती रोज सकाळी चालणं.

तीन महिन्यांनी एलडीएल १४९ आला. १९ अंकांनी खाली, म्हणजे साधारण अकरा टक्के. डॉक्टर खूश होते. नुसत्या पथ्याने दहा-पंधरा टक्के उतरला तर चांगलंच समजायचं, असं ते म्हणाले. माझा चेहरा पडला. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, ताटातून येतं ते त्यामानाने थोडं. माझ्या वडिलांचाही आकडा असाच चढा असायचा, आणि ते तर माळकरी होते. तरीही वजन चार किलो उतरलं, ट्रायग्लिसराइड निम्म्यावर आले, दुपारी कारखान्यात येणारी सुस्ती गेली. यातलं बहुतेक गोळीने दिलं नसतं, हे मी मोकळेपणाने सांगतो.

मग पथ्य सोडलं का? सोडलं नाही, पण एकट्या पथ्यावर राहणं सोडलं. त्याला कारण एक पातेलं.

आमच्या घरी पाच माणसं. आई ७६ वर्षांची, अंगाने अगदी हलकी. तिला डॉक्टरांनीच साय-लोणी खायला सांगितलेलं. दोन मुलं वाढीच्या वयाची, थोरला तालमीत जाणारा. म्हणजे सगळ्या घराने माझं पथ्य पाळावं हे शक्यच नव्हतं. मग पहिल्याच आठवड्यात माझं पातेलं वेगळं झालं. एक आमटी खोबऱ्याची, एक बिनखोबऱ्याची. दोन वाटणं, दोन फोडण्या, दोन तऱ्हेचं दूध. बायको साडेपाचला उठायची ती पाचला उठायला लागली. रविवारी तर तांबडा, पांढरा, सुकं हे सगळं करून शिवाय माझ्यासाठी वेगळी उसळ. मी पंधरा दिवस माझं मी रांधून पाहिलं. त्याने एका शेगडीपाशी दोन माणसं झाली एवढंच; पातेली दोनच राहिली आणि घासायलाही दोनच.

तिने तक्रार केली नाही. एक दिवस फक्त म्हणाली, ‘‘अहो, किती दिवसांचं हाय हे?’’ आणि मला उत्तर देता येईना, कारण खरं उत्तर ‘कायमचं’ असं होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पथ्य माझ्या नावाचं लिहिलेलं होतं, आणि पाळत होती ती. आकडा माझा उतरायचा, पाठ तिची दुखायची.

त्यात आई. ती माझ्या ताटाकडे बघत बसायची. ‘‘आरं, रश्श्यानं काय हुतंय? मटण नको खाऊ, वाटीभर पांढरा तरी घे.’’ आता पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ. माझ्या दृष्टीने सगळ्यात जड तोच. हे तिला कितीदा समजावणार? ती प्रेमाने म्हणायची, म्हणून नाही म्हणणं जास्त अवघड जायचं. आणि मग आखाड आला. त्र्यंबोलीची यात्रा, गल्लीचं जेवण, मेव्हण्याचं जेवण, उद्यमनगरातल्या शेजारच्या कारखान्याचं जेवण. प्रत्येक पंगतीत मला का नको ते सांगायचं, आणि सांगून झाल्यावर वाढप्याने वाढायचंच. महिन्याभराने तपासलं तर १६२. साडेतीन महिन्यांत मिळवलेल्यातलं बरंचसं एका महिन्यात गेलं. त्याच दिवशी गोळी सुरू केली.

रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर एक. रोसुवास्टॅटिन काय, ॲटोरवास्टॅटिन काय, सकाळी घेतली तरी चालते. माझ्या रात्री लक्षात राहते म्हणून रात्री. आठ आठवड्यांनी एलडीएल ९२. मी कागद दोनदा वाचला. ही गोळी यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी अडवते, मग यकृत आपली गरज रक्तातला एलडीएल ओढून भागवतं, म्हणून आकडा असा उतरतो. महिन्याचा खर्च पाव किलो मटणाहूनही कमी. माझे मेव्हणे म्हणतात, नुसतं केमिकल आहे ते. त्यांना मी सांगतो की या जातीचं पहिलं औषध १९७० च्या दशकात जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीत सापडलं, पेनिसिलिनसारखंच. त्याने त्यांचं समाधान होत नाही, माझं झालं.

गोळीचा त्रास झाला नाही असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या दुखायला लागल्या. जोतिबाच्या पायऱ्या चढून आलो होतो, त्यामुळे दोष गोळीचा की डोंगराचा कळेना. डॉक्टरांनी सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी, करून घेतली, नॉर्मल आलं, दुखणं आठवड्याने गेलं. नंतर वाचलं की लंडनच्या इंपिरियल कॉलेजने २०२० साली एक अभ्यास छापला होता. त्रास होतो म्हणून स्टॅटिन, म्हणजे या जातीच्या गोळ्या, सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली तशीच गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदला गेला, त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीवरही झाला. याचा अर्थ सगळ्यांचं दुखणं मनाचं असा नाही. काहींचे स्नायू खरोखर दुखावतात. दुखणं फार असेल, लघवी गडद होत असेल तर थांबून लगेच डॉक्टरांकडे जायला हवं. काठावरची साखर थोडी पुढे सरकू शकते, म्हणून सुरुवातीला साखर, आणि यकृतासाठी एसजीपीटी ही तपासणी, करून घेतलेली बरी. गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. आणि दुसऱ्या डॉक्टरांनी काही अँटिबायोटिक लिहिलं तर ही गोळी चालू असल्याचं सांगायचंच, काहींशी तिचं जमत नाही.

‘एकदा सुरू केली की सुटत नाही’ हेही मी पुष्कळ ऐकलं. गोळी थांबवली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी जातो, हे खरं. पण आखाडात माझं पथ्य थांबलं तेव्हा काय झालं? कायमचं तर दोन्हीही आहे. रोज रात्री एक गोळी घेणं मला एकट्याला करायचंय, त्यासाठी पाचला कुणी उठत नाही.

माझा कल कुठे आहे हे आता लपवण्यात अर्थ नाही. पण गोळी घेतली म्हणून लोणी-डोशाला मोकळीक, असं कुणी समजू नये. या गोळीचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरतो. माझ्या अर्ध्यामुर्ध्या पथ्यानेही त्याहून जास्त उतरवला होता. म्हणून डोस १० वरच ठेवायचा आणि बाकीचं ताटातून साधायचं, असं आमचं ठरलं. आता घरात पातेलं एकच. वाटणात खोबरं निम्मं, बाकी तीळ आणि शेंगदाण्याचं कूट. आईला फरक पहिल्याच दिवशी कळला, तिची साय तिला वेगळी मिळते म्हणून ती काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी तिनेच कूट जरा वाढवायला सांगितलं. रविवारी मी दोन फोडी आणि वाटीभर तांबडा घेतो, पांढरा नाही. मागच्या तपासणीत ८८ होता.

तुमचा आकडा १३०-१४० च्या आसपास असेल, घरात मोजकी माणसं असतील आणि पोट सुटलेलं असेल, तर पथ्याला तीन महिने जरूर द्या; तुमच्या बाबतीत तेवढंच पुरेल असं होऊ शकतं, डॉक्टरांना विचारून ठरवा. फक्त रिपोर्ट घेऊन आल्यावर आधी स्वयंपाकघरात जा. तिथे जे कुणी उभं असेल त्यांना विचारा, पातेलं एक ठेवून जमेल का.