जुन्या डिझेल पिकअपवर इलेक्ट्रिक रेडिएटर फॅन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंजिनच्या बेल्टवर फिरणारा मूळ फॅन काढून १६ इंची, १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक फॅन बसवला, त्याला आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही होऊन गेले. किटमध्ये फॅन, ४० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), थर्मोस्विच (ठराविक तापमानाला फॅन लावणारा स्विच), वायरिंग आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात. यातला फॅन उत्तम आहे. वायरिंग कामचलाऊ आहे. पट्ट्या वापरूच नका. रेडिएटरच्या जाळीतून ओवून फॅन आवळला की कंपनाने फिन्स (जाळीतले पातळ पत्रे) घासतात आणि काही महिन्यांत नळीलाच भोक पडतं. लोखंडी पट्टीची चौकट करून फॅन रेडिएटरच्या बाजूच्या ब्रॅकेटवर बसवावा आणि श्राउड (फॅनभोवतीचं, हवा पूर्ण रेडिएटरमधून ओढायला लावणारं कव्हर) ठेवावाच. श्राउड नसेल तर हवा फक्त पात्यांसमोरच्या गोलातून ओढली जाते, कोपरे तापलेलेच राहतात.

मूळ फॅन काढताना पुलीचे बोल्ट बघा. बऱ्याच इंजिनांत फॅन आणि वॉटर पंपाची पुली एकाच बोल्टांवर असतात. फॅन निघाला की तेच बोल्ट लांब पडतात, पुली घट्ट बसत नाही आणि बेल्ट किंचाळायला लागतो. तेवढ्याच जाडीचे वॉशर घाला किंवा आखूड बोल्ट घ्या.

तक्रारी बहुतेक एकाच प्रकारच्या येतात: फॅन फिरतो, पण गाडी गरम होते, नाहीतर फॅन कधी लागतो, कधी लागत नाही. दोन्ही वेळा गॅरेजमध्ये आधी मोटर बदलायचा सल्ला मिळतो. मोटर क्वचितच गेलेली असते. इंजिन चालू आणि फॅन फिरत असताना मल्टीमीटर लावा. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि फॅनच्या कनेक्टरवर १२.१ दिसले, तर १.७ व्होल्ट वाटेतच गेले. व्होल्टेज घटलं की पात्यांचा वेग घटतो, हवा कमी येते आणि वायर तापते ती वेगळीच. पॉझिटिव्ह बाजूला अर्धा व्होल्ट आणि अर्थच्या (निगेटिव्ह) बाजूला ०.२ व्होल्टपर्यंत चालेल, त्यापुढे नाही. फॅन बंद ठेवून मोजलं तर सगळीकडे पूर्ण व्होल्टेज दिसतं आणि फसगत होते. चालू असतानाच मोजायचं.

किटची वायर वरून जाड दिसते, आत तांबं कमी असतं. हा फॅन चालताना १५ ते १८ अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि रिलेपासून फॅनपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची वायर टाका, ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. अर्थ रंगवलेल्या पत्र्यावर नको, थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर आणा. रिलेच्या सॉकेटमध्ये ८७ नंबरची, फॅनकडे जाणारी पिन सैल असेल तर तिथे प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. रिले उपसून तळाशी बघा, पिनेच्या कडेला तपकिरी कड दिसली तर सॉकेटच बदला. नुसता रिले बदलून तो दोष जात नाही. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. आत डायोड असलेला रिले असेल तर ८५ आणि ८६ ची (रिले चालू करणाऱ्या कॉइलच्या पिनांची) पोलॅरिटी उलटी करू नका, फ्यूज लगेच उडेल.

फॅन अजिबात लागत नसेल तर रिले काढून सॉकेटमधल्या ३० (बॅटरीकडची) आणि ८७ पिना फ्यूज असलेल्या वायरने जोडा. हात, मफलर, अंगावरचं सैल कापड पात्यांपासून लांब ठेवा. फॅन फिरला तर मोटर आणि जाड वायरिंग ठीक, दोष रिले किंवा स्विचच्या बाजूला.

थर्मोस्विचमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो. या किटचा स्विच एका टर्मिनलचा आहे, म्हणजे तो आपल्या धातूच्या अंगातूनच अर्थ घेतो. रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (रबरी नळीत) धातूचा अडॅप्टर टाकून बसवला की दोन्ही बाजूंना रबर, अर्थ मिळणार कुठून? फॅन कधीच लागत नाही आणि नवा स्विचही फुकट जातो. अडॅप्टरला वेगळी अर्थ वायर जोडा. स्विच तपासायचा तर भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत गरम करा. ९२ ला लागणारा, ८७ ला सुटणारा स्विच ८२ अंशांच्या थर्मोस्टॅटला (त्या तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेला) जुळतो. स्विच थर्मोस्टॅटच्या खालच्या तापमानाला लागणारा घेतला तर फॅन बंदच होणार नाही. आणि कूलंट भरल्यावर हवा काढा. स्विच हवेच्या बुडबुड्यात राहिला तर इंजिन तापूनही फॅन गप्प बसतो. कॅप मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा.

फॅन उलटा फिरतोय का, हे कागदाने कळतं. रेडिएटरच्या पुढून कागद धरला तर तो जाळीला चिकटला पाहिजे. उडाला तर दोन वायरी अदलाबदल करा.

आता घाटाचं. रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी कुंभार्ली, आंबा घाटात तापमानाचा काटा हलू देत नाही. पूर्ण भार, दुसरा गिअर आणि एप्रिलची दुपार एकत्र आली तर एका १६ इंची फॅनची कमाल मर्यादा जाणवते. रोज असाच भार वाहणाऱ्याने मूळ फॅनच ठेवावा, हे स्पष्टच सांगतो. मोकळ्या रस्त्यावर ६०च्या वेगाने गाडी तापत असेल, तर तो दोष फॅनचा नाही. तेव्हा थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि चिखल-पाचटाने बुजलेली जाळी बघा. जाळी इंजिनच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर गनने फिन्स दुमडतात.

पावसाळ्यात रात्री हेडलाइट, वायपर आणि फॅन एकत्र चालले की ३५-४५ अँपिअरचा जुना अल्टरनेटर आयडलवर पुरत नाही, लाइट पिवळे पडतात. म्हणून ड्रायव्हरजवळ एक स्विच हवा, तोही रिलेच्या कॉइलवर. फॅनचा करंट त्यातून नेऊ नका. पाणी साचलेल्या रस्त्यात फॅन बंद करता येतो, नाहीतर पाण्यात आपटून पाती वाकतात. कॉइलला इग्निशनचा करंट द्या, म्हणजे गाडी बंद केल्यावर फॅन बॅटरी खात बसणार नाही.

बसवल्या दिवशी क्लॅम्प मीटरने करंट मोजून रिलेजवळ लिहून ठेवा. पुढे तोच फॅन ३-४ अँपिअर जास्त घेऊ लागला तर मोटरचा बुश (ज्यात शाफ्ट फिरतो तो भाग) जाम होतोय असं समजा आणि लांबच्या खेपेआधी मोटर उघडा.